उत्तरासकट

मारोतराव गुरुजींबद्दल मी आजवर दोनदा चारचौघांत बोललो. एकदा वसमतला, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, आणि एकदा त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. दोन्ही वेळचं आठवलं की आजही, एकटा असलो तरी, मान खाली जाते. आता हे तिसऱ्यांदा. या वेळी समोर टाळ्या वाजवायला कुणी नाही, ते एक बरं आहे.

मला नोकरी लागली तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. आम्ही परभणीचेच. जवळा बाजारला एस.टी.तून उतरायचं आणि तिथून सायकलने पाच-सहा किलोमीटर आत जायचं. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, अंगणात एक लिंब, आणि शिक्षक दोन. एक मी, नुकताच डी.एड. होऊन आलेला, चोवीस वर्षांचा. दुसरे मारोतराव गुरुजी, निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेले. कागदोपत्री तेच मुख्याध्यापक. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर मी त्यांना क्वचितच बसलेलं पाहिलं. ते बहुतेक वेळ उकिडवे बसलेले असत, पोरांच्या घोळक्यात, जमिनीवरच्या कशाकडे तरी बघत.

उंच माणूस, जरासा वाकलेला. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी. सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे आणि जुन्या बॅटरीची फुगीर काच, तिने ते मुंग्या बघत. लहानपण मेंढ्यांमागे गेलेलं. त्यामुळे चालताना एक हात पाठीवर, आणि चाल अशी की पुढे कुणीतरी चरत चाललंय आणि त्याला घाई नाही. निजामाच्या वेळी दोन इयत्ता उर्दूत झाल्या होत्या, त्याची खूण म्हणजे ‘बराबर’ हा शब्द. पोराचं उत्तर बरोबर आलं की ‘बराबर’. चुकलं की ‘चूक’ म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “अजून बघ.” त्यांच्या हाताखालच्या वह्यांत लाल फुली शोधून सापडत नसे.

त्यांची बायको, तिला सगळं गाव माई म्हणे. शाळेच्या मागच्या गल्लीतच घर. दुपारच्या सुट्टीत माई ताकाची कळशी घेऊन यायच्या आणि ज्यांनी भाकरी आणली नाही अशा लेकरांना हाक मारून लिंबाखाली बसवायच्या. त्या दोघांना मूल नव्हतं. गावाला हे माहीत होतं, आणि गाव त्याबद्दल बोलत नव्हतं.

तिसरीला सजीव आणि निर्जीव असा धडा होता. पुस्तकात दीड पानाचा. सजीव हालचाल करतात, श्वास घेतात, अन्न घेतात, वाढतात, आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतात. निर्जीव यातलं काही करत नाहीत. आम्हाला डी.एड.ला शिकवलं होतं की हा धडा दोन तासांत संपतो. गुरुजींचा संपायला वर्ष लागायचं.

वर्गाच्या कोपऱ्यात त्यांनी बांबूच्या तीन टोपल्या ठेवल्या होत्या. सोमवारी प्रत्येक पोराने एक वस्तू आणायची आणि टोपलीत टाकायची. पहिली सजीवांची, दुसरी निर्जीवांची. तिसरी कशाची, असं मी पहिल्याच सोमवारी विचारलं.

“ती माहीत न्हाईची,” गुरुजी म्हणाले.

“मग ती कधी रिकामी होते?”

“होती की. लेकराला कळलं की लेकरूच उचलून दुसरीकडं टाकतं.”

मला हसू आलं होतं. तिसऱ्या टोपलीत अंडं होतं, विरजणाची वाटी होती, हाड होतं, भुईमुगाच्या शेंगा होत्या. आणि एक गोगलगाईचा शंख, कुणीतरी बांधावरून आणलेला, उन्हाने पांढरा पडलेला. मी तो उचलला आणि म्हणालो, “गुरुजी, हा रिकामा आहे. निर्जीवात टाकू?”

“असंल रिकामा,” ते म्हणाले. “तुमी आत बघितलं का सर?”

मी बघितलं नव्हतं. शंखाच्या तोंडावर पातळ पांढरा पापुद्रा होता, वाळलेल्या सायीसारखा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुजींनी ती टोपली घरी नेली. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा त्यांनी शंख ओल्या गोणपाटावर ठेवला आणि पोरांना आपापलं काम करायला सांगितलं. मधल्या सुट्टीच्या आधी एक पोरगं ओरडलं. पापुद्रा फाटला होता आणि आतून दोन शिंगं बाहेर येऊन इकडेतिकडे बघत होती. मला वाटलं, आता गुरुजी माझ्याकडे बघतील. ते बघायला तयारच नव्हते. ते गोगलगाईकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. “चार महिने आपण ह्याला पानी बी दिलं न्हाई,” ते पोरांना म्हणाले. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी टोपलीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

हळदीचं असंच. आमच्याकडे हळद घराघरात. गुरुजींनी हळकुंडाचे दोन तुकडे आणले, एक बेण्याचा आणि एक उकळून वाळवलेला, आणि शाळेच्या भिंतीकडेला दोन्ही पुरले. एकाला कोंब आला. दुसऱ्याला नाही. पोरं म्हणाली, “उकळली ती निर्जीव.”

“ती मेली,” गुरुजी म्हणाले. “दगड मरतो का?”

“न्हाई.”

“काहून?”

मागून एक पोरगी म्हणाली, “तो कधी जित्ताच नव्हता.”

ती रुक्मिण. तुकाराम धनगराची लेक. आठ-नऊ वर्षांची, काळीसावळी, केसांना तेल नाही, आणि प्रश्न विचारताना कुणाचंही भय नाही. ती शाळेत असली की वर्गात गुरुजींचं लक्ष तिच्याकडे असायचं, म्हणजे लाडाने नव्हे, तर ही आता काय विचारते अशा उत्सुकतेने.

एका सकाळी ती कोकराला पोत्यात गुंडाळून शाळेत घेऊन आली. म्हणाली, “झोपलंय. घरी ठेवलं तर कुत्रं खाईल.” मी एका नजरेत ओळखलं. मान लटकत होती. “रुक्मिण, मेलंय ते,” मी म्हणालो. “बाहेर ठेव आणि हात धुऊन ये.” ती बाहेर गेली ती आत आलीच नाही. लिंबाखाली कोकरू मांडीवर घेऊन बसून राहिली. गुरुजी त्या दिवशी जवळा बाजारला जाऊन उशिरा आले, त्यांनी सायकल टेकवली आणि तिच्याजवळ उकिडवे बसले.

मला खिडकीतून ऐकू येत होतं.

“काय काय बघायचं असतं गं?”

“दम.”

“कसा बघशील?”

तिने कोंबडीचं एक पीस शोधून आणलं आणि कोकराच्या नाकासमोर धरलं. मग डोळ्याला हळूच बोट लावून पाहिलं. मग पोटावर कान ठेवला. मग पाय चोळले. गुरुजी मधे मधे एवढंच विचारत होते, “आणि?” तासभर हे चाललं. त्यांचा वर्ग मी माझ्या वर्गात आणून बसवला होता आणि मनातून चिडलो होतो. शेवटी ती म्हणाली, “गुरुजी, मेलंय.”

“बराबर,” गुरुजी म्हणाले. मग दोघांनी मिळून ते शाळेच्या कुंपणाजवळ पुरलं.

मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. “सर, तुमी खरंच सांगितलं होतं तिला. पर तुमचा शब्द घेऊन ती काय करंल? तिला तिच्या हातानं कळाया पाहिजे.” त्यांचं बोलणं मला पटलं नाही. मी म्हणालो, “एक तास गेला, गुरुजी.” ते म्हणाले, “व्हय, गेला,” आणि ताक प्यायला गेले.

आता ज्या दिवसामुळे हे सगळं लिहितोय, त्या दिवसाकडे येतो.

त्या वर्षी धड्याची शेवटची खूण शिकवायची राहिली होती, आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालण्याची. मी हजेरीपट मागायला त्यांच्या वर्गाच्या दारात उभा होतो. गुरुजी विचारत होते आणि पोरं सांगत होती. शेळीला पिल्लू होतं. बाभळीच्या शेंगेतून बाभळ होते. दगडाला दगड होत नाही. एक पोरगं म्हणालं, “गुरुजी, बैलाला कुठं होतंय?” पोरं हसली. गुरुजीही हसले. म्हणाले, “अजून बघा, अजून बघा.”

तेव्हा रुक्मिण उभी राहिली.

“गुरुजी, तुमाला आन माईला लेकरू न्हाई. मंग तुमी कोन्त्या टोपलीत?”

पोरीच्या तोंडावर खोडकरपणाचा मागमूसही नव्हता. तिला खरंच अडलं होतं.

गुरुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “चांगलं इचारलंस,” ते म्हणाले. “पुस्तकात इथं थोडं कमी लिहिलंय. लिहून घ्या सगळे. साऱ्या खुणा साऱ्यांत असतील असं न्हाई. एक खूण दिसली न्हाई म्हणून कोणाला निर्जीव म्हणायचं न्हाई. दुसरी बघायची, तिसरी बघायची.” मग त्यांनी बाही वर सारली आणि मनगट पुढे केलं. “ये, तूच बघ पहिली.” नाडी कशी धरायची ते तिला दाखवलं. सगळ्या पोरांनी रांग लावली. एकेकाने गुरुजींची नाडी धरली, मोजली, मग आपली मोजली, मग शेजाऱ्याची. शेवटी एवढंसं पोरगं माझ्याकडे आलं, “सर, तुमची बघू?” मी हात दिला. “चालू हाय,” ते ओरडलं, आणि वर्गभर हशा झाला.

मी पाहिलेला तो सर्वांत चांगला तास. हे मला त्याच वेळी कळलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

पुढच्या महिन्यात वसमतला दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. तालुक्या-तालुक्यांतून आलेले शे-सव्वाशे शिक्षक, बहुतेक माझ्याच वयाचे. एका दुपारी, सगळे पेंगत असताना, मार्गदर्शकांनी टूम काढली की प्रत्येकाने आपल्या शाळेतला एक गमतीदार अनुभव सांगायचा. चार-पाच जणांचं झालं. कुणी हसलं नाही. माझी पाळी आली. मला हसवायचं होतं, बस एवढंच. मी तीन टोपल्या सांगितल्या, उकिडवे बसलेले गुरुजी करून दाखवले, त्यांचं ‘बराबर’ त्यांच्या आवाजात म्हटलं. आणि मग रुक्मिणीचा प्रश्न सांगितला. सभागृह उठून बसलं. मागून कुणीतरी ओरडलं, “मग कोणत्या टोपलीत टाकलं गुरुजींना?”

आणि मी म्हणालो, “पुस्तकाप्रमाणे निर्जीवच!”

मार्गदर्शकांनी हसून हसून डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मनगटाचं, नाडीचं, रांगेचं मी काहीच सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर हशा ओसरला असता.

महिनाभरात ते नाव माझ्याआधी सगळीकडे पोचलं. केंद्राच्या बैठकीला गेलो की कुणीतरी विचारायचं, “काय म्हणतात निर्जीव गुरुजी?” मी नुसता हसायचो. मनाशी म्हणायचो, शिक्षकांतलं बोलणं शिक्षकांत राहील.

ते बाजारात गेलं. माई जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गेल्या होत्या. बांगड्यांच्या दुकानाशी दोन बाया त्यांच्याकडे बघून एकमेकींना म्हणाल्या, “तीच ती. निर्जीव गुरुजींची बायको.” आणि त्यांना ऐकू जाईल असं हसल्या. हे मला गुरुजींनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, हजेरी भरता भरता, वर न बघता. “काल बाजारात हिला कोणी तरी तसं म्हणालं. रात्री जेवली न्हाई ती.”

“कोण म्हणालं?” मी विचारलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

“कोणी बी आसंल,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून माई शाळेत यायच्या थांबल्या. ताकाची कळशी एक पोरगी आणून ठेवायची.

गावात चौकशी झालीच. असं पहिल्यांदा बोललं कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं, गुरुजींना लेकरू नाही हे भर वर्गात कोण बोललं ते. तुकारामने रुक्मिणीला चामड्याच्या पट्ट्याने मारलं आणि शाळेतून काढलं. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दासाठी ती पोरगी मार खाऊन बसली, आणि मी त्या दिवशी चौथीला भागाकार शिकवत होतो.

आठ दिवसांनी गुरुजी म्हणाले, “चला सर, तुकारामाकडं जाऊन येऊ.” नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

त्याची मेंढरं गावाबाहेर एका रानात बसवली होती. मेंढ्या कोंडायच्या जाळीजवळ तुकाराम उभा होता. आम्हाला पाहून त्याने डोक्याचं पागोटं काढून गुरुजींच्या पायाशी ठेवलं. “गुरुजी, माझ्या लेकीनं तुमच्या घरावर बट्टा लावला. म्या तिला शाळंत धाडनार न्हाई. तोंड दाखवायची लाज वाटून राहिली मला.”

गुरुजींनी पागोटं उचलून त्याच्या हातात दिलं. “तुकाराम, तुझ्या पोरीनं इचारलं, ते मला इचारलं. तोंडावर इचारलं. त्याच्यात बट्टा कशाचा?”

“मंग जगभर कोनी केलं?”

“ती न्हाई. वर्गातल्या एका बी लेकरानं न्हाई.”

“तुमी कशावरून म्हनता?”

गुरुजींनी जाळीला हात लावला आणि आतल्या मेंढ्यांकडे बघत म्हणाले, “लेकरांनी सांगितलं असतं तर उत्तरासकट सांगितलं असतं. घरी जाऊन साऱ्यांनी आईबापाच्या नाड्या धरल्या त्या दिवशी. हे जे गावोगाव गेलं, त्याच्यात उत्तर न्हाई. म्हणून लेकरांनी न्हाई सांगितलं.”

त्या तासाला वर्गात लेकरं होती, गुरुजी होते आणि दारात मी होतो. आणखी कुणी नव्हतं.

तुकारामला ते कळलं नाही. मला कळलं, आणि मला कळल्याचं गुरुजींना कळलं. जाळीच्या पलीकडे रुक्मिण उभी होती, हातात काठी. दंडावर वळ होते. ती गुरुजींकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिला वाटत असावं, सर काहीतरी बोलतील. सर शिकलेले होते.

मी बोललो नाही.

तुकारामने शेवटी मान्य केलं, पण मेंढरं चराईला विदर्भाकडे निघायची होती. परत आल्यावर पाठवतो म्हणाला. परत आली तोवर परीक्षा होऊन गेली होती. रुक्मिणीचं एक वर्ष गेलं.

त्या दिवशी परत येताना आम्ही दीडएक मैल पायी चाललो. अर्ध्या वाटेत ओढ्याशी गुरुजी थांबले. वहाणेतला काटा काढायला दगडावर बसले. काटा निघाला तरी उठले नाहीत.

“सर, काही बोलायचं का?” त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

मी म्हणालो, “नाही गुरुजी. ऊन फार आहे आज.”

“व्हय,” ते म्हणाले, “हाय खरं.” आणि उठले.

पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. “हा तुमी घ्या सर. माझ्यानं आता हे होत न्हाई.” मी दोन तासांत संपवला. पोरांनी पाच खुणा पाठ केल्या. सगळी पास झाली. रुक्मिण त्याच वर्गात मागच्या रांगेत बसली होती. तिने एकही प्रश्न विचारला नाही.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या अंगणात मांडव घातला. केंद्रातले सगळे शिक्षक आले होते, त्यांना त्या नावाने ओळखणारेही. भाषण माझ्याकडे होतं. मी तीन रात्री बसून लिहिलं होतं. मनात कुठेतरी असं होतं की आता चांगलं बोललो की मागचं फिटेल. भाषणाच्या शेवटी मी आवाज चढवला आणि म्हणालो, “गुरुजींना देवानं पोटचं मूल दिलं नाही, कारण या गावातली सगळी लेकरं त्यांचीच व्हायची होती!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर माई बसल्या होत्या. त्या तशाच उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मांडवातून बाहेर गेल्या. घाईने नव्हे. गुरुजींनी त्यांना जाताना पाहिलं. मग सत्काराचा नारळ मांडीवर ठेवून ते पुढच्या वक्त्याचं भाषण ऐकत बसले.

नंतर माझी बदली कनेरगाव नाक्याच्या बाजूला झाली. लग्न झालं, दोन मुलं झाली. जिल्हा वेगळा झाला. गुरुजींना पत्र लिहायला मी दोनदा बसलो. पहिली ओळ ‘तीर्थस्वरूप गुरुजींना’ अशी लिहून उठलो.

वर्षं गेली. एका जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला एक बाई पोराला घेऊन आल्या. पोराचं नाव लिहून झालं. आईचं नाव विचारलं, तर बाई हसल्या.

“सर, वळखलं न्हाई का? म्या रुक्मिण.”

मी उभा राहिलो. तिला इकडेच एका ढाब्याशेजारच्या वस्तीत दिली होती. तिने पोराला पुढे केलं. “पाया पड. हे माझे सर हायेत. म्या गुरुजींना वंगाळ बोलले होते तवा बापानं शाळा सोडवली व्हती. हे गुरुजींसंगं आमच्या मेंढराकडं आलते, मला न्यायला.”

पोराने वाकून माझ्या पायाला हात लावला.

पंधरा वर्षं ती पोरगी हे धरून बसली होती, की गुरुजींचं नाव तिने बिघडवलं. आणि मी तिला न्यायला गेलो होतो. मी त्या दिवशीही काही बोललो नाही. एवढंच विचारलं, “गुरुजी कसे आहेत?” ती म्हणाली, “लकवा झाला सर. एक अंग गेलं. वाचा गेली. माई एकल्याच करून राहिल्या समदं.”

पुढच्या रविवारी मी पहिल्या एस.टी.ने निघालो.

तिथे काय झालं ते सांगायच्या आधी रुक्मिणीचं सांगून टाकतो. माईंनी सांगितलं म्हणून, मी परत आल्यावर सोमवारी तिला शाळेच्या फाटकाशी थांबवलं आणि सगळं सांगितलं. वसमत, टोपली, टाळ्या, ओढा. ती ऐकत होती. पोरगं तिचा पदर ओढत होतं. माझं झाल्यावर ती म्हणाली, “म्हंजे ते म्या न्हाई केलं?”

“नाही.”

“माझा बाप मरूस्तोवर म्हनत व्हता, तू केलंस.” ती एवढंच म्हणाली. रडली नाही, रागावली नाही. पोराचं दप्तर त्याच्या पाठीवर नीट केलं आणि गेली. त्यानंतर ती रोज पोराला सोडायला येते, पण फाटकाच्या आत येत नाही.

तर त्या रविवारी. सकाळचे दहा वाजले असतील. गुरुजींच्या ओसरीवर खाट होती. भिंतीला तक्के लावून त्यांना बसतं केलं होतं. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. माई त्यांची दाढी करायच्या तयारीत होत्या. वाटीत पाणी, साबण, वस्तरा. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळखलं. “या,” म्हणाल्या. एवढंच.

शेजारचा एक माणूस ओसरीच्या पायरीवर बसला होता. मला म्हणाला, “त्यांना काय कळत न्हाई सर आता. नुसतं हाय म्हणायचं.”

“कळतंय,” माई म्हणाल्या. “तू जा घरी.”

तो गेल्यावर मी सांगायला लागलो. मी वाक्यं ठरवून आलो होतो, ती आली नाहीत. जे आलं ते असं, “माई, ते नाव मी ठेवलं. वसमतला. मीच.”

माईंनी साबण पाण्यात बुडवला. “ठाऊक हाय.”

“कधीपासून?”

“तुमी दोघं तुकारामाकडून आलात त्याच दिवशी. ह्यांनी सांगितलं. म्हणाले, पोरगं लहान हाय, येईल दोन-चार दिसांत आपनहून. मी तुमच्यासाठी चहाची भुकटी वायली काढून ठेवली होती. वर्षभर म्हणत होते, येईल. मग म्हणायचे थांबले.”



“आणि त्या मांडवात,” त्या म्हणाल्या, “तसं बोलायला नको होतं तुमी. लोकांची लेकरं लोकांचीच असतात. मला ते कोणी सांगायची गरज नव्हती.”

“माई, चुकलं.”

“मला कशाला सांगता? त्या पोरीला सांगितलं का?”

मी नाही म्हणून मान हलवली. “मग तिला आधी सांगा,” त्या म्हणाल्या. मग गुरुजींच्या गालाला साबण लावायला लागल्या. गालावर जुन्या कापल्याच्या दोन-तीन खुणा दिसत होत्या. वस्तरा उचलून त्यांनी क्षणभर धरला आणि माझ्यापुढे केला. “तुमी करा. मला आता नीट दिसत न्हाई.”

मी खाटेच्या कडेला बसलो. गुरुजी माझ्याकडे बघत होते. डोळे स्वच्छ होते. मी त्यांनाही सांगितलं, माईंना सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत. ते ऐकत होते हे मला दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. मग हनुवटी थोडी वर केली, दाढी करणाऱ्यापुढे करतात तशी.

मी हळूहळू दाढी केली. ओढलेल्या बाजूची कातडी बोटाने ताणून धरावी लागत होती. माई चुलीकडे गेल्या. मी ओल्या पंच्याने त्यांचं तोंड पुसलं आणि वस्तरा वाटीत ठेवला. मला वाटलं, झालं.

गुरुजींनी डावा हात उचलला. गालावरून फिरवला, हनुवटीवरून फिरवला, सावकाश. जबड्याखाली, कानाजवळ एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे केस राहिले होते. बोट तिथेच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा साबण घेईपर्यंत ते बोट काढलं नाही.